हात मागे ठेवायला शिकवणाऱ्या उषाताई

जूनच्या अखेरची दुपार होती. सावर्ड्याला विशेष मुलांच्या शाळेत मी शिकवते. मुलांचे डबे धुऊन होत होते, तेवढ्यात ऑफिसात तुमचा फोन आहे, असं शिपाईमामा सांगत आले. पलीकडे माझा थोरला भाऊ, चंदूदादा. "बाय, उषाताई गेल्या," तो म्हणाला. "सकाळी कपभर च्या घेतला, खुर्चीवर बसल्या त्या बसल्याच." मागे पन्हाळीचं पाणी पडल्याचा आवाज येत होता... "तू ये. पण आता निघू नको, रस्त्याला दरड आलीय. सकाळच्या गाडीनं ये. आमी हाव सगळी हितं." फोन ठेवल्यावर रडू येण्याआधी माझ्या मनात दुसरंच काहीतरी आलं. दादा मला सांगत होता, कधी निघायचं आणि कसं यायचं. एके काळी आंघोळीला ऊठ म्हणून ज्याला दहादा हाक मारावी लागायची, तो मला धीर देत होता. हे ताईंना सांगितलं असतं तर त्यांनी चष्म्यावरून बघून म्हटलं असतं, "मग? थोरला भाऊ आहे ना तुझा?"

उषाताई कोण, हे आमच्या भागाबाहेरच्या वाचकांना ठाऊक असण्याचं कारण नाही. त्यांच्यावर कुठे लिहून आलं नाही, कारण त्या कुणाला लिहू देत नसत. बरीच वर्षं त्या मनोरुग्णांच्या इस्पितळात परिचारिका होत्या. मुदतीआधी नोकरी सोडून त्या बुरोंडीच्या वरच्या अंगाला, वडिलांच्या वाटणीतून आलेल्या जमिनीवर येऊन राहिल्या. थोडा कातळ, आंब्याची काही जुनी झाडं, उताराखाली भाताची खाचरं आणि एक कौलारू घर, एवढीच ती जमीन. इस्पितळातून बरी होऊन आलेली, पण घरी नुसती बसून राहिलेली माणसं तिथे यायची. शेतीची कामं करायची, आंब्याची कलमं बांधायला शिकायची आणि आपापल्या घरी जायची. सरकारी कागदांवर त्या जागेला लांबलचक नाव होतं, ते ताईंनाही धड आठवत नसे. लोक 'येड्यांची बाग' म्हणायचे. थांबा आला की एस.टी.चा कंडक्टरही तसंच ओरडायचा, आणि ताई उतरता उतरता त्याला म्हणायच्या, "घंटी मारू नको रे, एक शहाणी उतरतेय अजून."

माझी आणि त्यांची गाठ पडली ती अठ्ठ्याण्णव साली. मी नुकतीच बी. ए. झाले होते. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. वडील मी लहान असतानाच गेले, आणि माझं शिक्षण झालं ते दादाच्या मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरींवर. तो एका कपडे रंगवण्याच्या कारखान्यात कामाला होता. माझ्या शेवटच्या वर्षाला वाडीतलाच एक माणूस त्याला हाताला धरून घरी घेऊन आला. दादा झोपत नव्हता, जेवत नव्हता, भिंतीपलीकडे कुणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे म्हणत होता. आईनं आधी देवाला कौल लावला, मग मी त्याला रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं. गोळ्यांनी भिंतीपलीकडचे आवाज बंद झाले. पण दादाही बंद झाल्यासारखा झाला. सकाळी पडवीत बसायचा, ऊन सरकेल तसा सरकायचा. त्यानं कोयता उचलला की आई धावत यायची आणि म्हणायची, "राहू दे रे बाबा, तू बस." शेजारीही तसंच म्हणायचे. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. आजारी माणसाला काम सांगू नये, एवढीच आमची समजूत.

बुरोंडीकडच्या एका बाईंना देखरेखीला शिकलेली मुलगी हवी आहे, असं कळलं म्हणून मी प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून गेले. ताई अंगणात आमसुलं उलटी करत होत्या. प्रमाणपत्राकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. घरी कोण कोण, म्हणून विचारलं. मी दादाबद्दल सांगायला लागले आणि सांगतच राहिले. बाहेरच्या माणसाजवळ मी ते पहिल्यांदाच बोलत होते. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "सोमवारी त्याला घेऊन ये."

"आणि माझी नोकरी?"

"तुझं नंतर बघू. तू काय, चालती-बोलती आहेस."

अशी आमच्या घरातून त्या शेतावर पहिली नेमणूक दादाची झाली, माझी त्यानंतर.

त्या शेतावर एक रीत होती. शिकणारा माणूस काम करत असेल, तेव्हा शिकवणाऱ्यानं आपले हात पाठीमागे एकमेकांत गुंतवून उभं राहायचं. तोंडानं हवं तेवढं सांगा, हवं तर स्वतःचं वेगळं करून दाखवा, पण त्याच्या कामाला हात लावायचा नाही. वाफा वाकडा झाला तर वाकडा राहायचा. कुणी बादली अर्धी सांडली तर ती सांडलेलीच झाडापर्यंत जायची. मला सुरुवातीला हे फार जड गेलं. माणूस झगडताना दिसला की आपला हात आपोआप पुढे जातो. ताई लांबून ओरडायच्या, "संगीता, हात!" आणि मी शाळेतल्या मुलीसारखी हात मागे न्यायची. एकदा मी म्हटलं, की मदत करण्यात काय वाईट? त्या म्हणाल्या, "तुझ्या दादाला वर्षभर सगळ्यांनी मदतच केली ना?"

पावसाळ्यात ताईंनी दादाला कलमांवर बसवलं. आंब्याची कोय उगवून तांबूस कोवळा कोंब आला, की तो वरून छाटायचा, मधोमध चिरायचा, चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायची. मग ती पिशवीत लावून सावलीत ठेवायची आणि वाट बघायची. दादाचा हात मुळात चांगला होता, बांधणी पहिल्या आठवड्यातच जमली. पण वाट बघणं त्याला जमेना. रोज सकाळी तो उठून सगळ्यांच्या आधी सावलीत जायचा आणि जोड धरला का हे बघायला एकेक पट्टी सोडायचा. बघून पुन्हा नीट बांधायचा. काड्या सगळ्या वाळून गेल्या. दुसऱ्या खेपेला तेच. मी घाबरून ताईंना म्हटलं, की त्याला दुसरं काम द्या, हे त्याच्या आजारातूनच आलंय. ताईंनी दुसरं काम दिलं नाही, रागावल्याही नाहीत. तिसऱ्या खेपेची बांधून झाल्यावर त्यांनी एक पिशवी उचलून बाजूला ठेवली. "चंद्रकांत, हे तुझं सोडायचं कलम. रोज सोड, बघ, बांध. बाकीची माझी, त्यांना हात लावायचा नाही." दादा रोज ते एकच सोडून बघू लागला. बाकीच्यांसमोर उभा राहायचा तेव्हा त्याची बोटं नुसती हलत असायची... ते एक कलम अर्थातच वाळलं. बाकीच्या बहुतेकांना तांबूस पानं फुटली. त्या दिवशी दादा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "ताई, पानं आलीत." कितीतरी महिन्यांनी त्यानं आपणहून उच्चारलेला तो पहिला शब्द होता. ताई भाकरी थापत होत्या. "दिसली मला. पिशव्यांना पाणी घातलंस का?" एवढंच म्हणाल्या. पण त्यानंतरची भाकरी तव्यावर करपली.

पुढच्या उन्हाळ्यात आई त्याला भेटायला आली. दादा उतारावर शेणखताची पाटी घेऊन चढत होता. लेकाला घामाघूम बघून आईनं पिशवी खाली टाकली आणि धावत जाऊन पाटीला हात घातला. ताई वरून म्हणाल्या, "आई, हात मागे." आईला वाटलं, पाटी दुसऱ्या बाजूनं धरायला सांगतायत. ती मागे जाऊन धरायला लागली. मग मी जाऊन समजावलं. आई हात मागे बांधून उभी राहिली, तोंडानं मात्र पुटपुटत होती, "सिस्टरबाय हायत का फौजदार..." दादानं पाटी वर नेऊन रिकामी केली, खाली येऊन आईच्या पाया पडला आणि दुसरी भरायला गेला. आई रात्री मला म्हणाली, "त्याचा दंड बघितलास? बापासारखा झालाय."

मला वाटलं, आता सगळं मार्गी लागलं. दादा इथे आहे, मी इथे आहे, गोळ्या वेळेवर आहेत. मला आणखी काही नको होतं. म्हणूनच दोनेक वर्षांनी पावसाच्या तोंडावर ताई जेव्हा म्हणाल्या, की ह्या भातलावणीला चंद्रकांत घरी जाईल आणि घरीच राहील, तेव्हा मी त्यांच्याशी भांडले. त्या फणसाच्या आठळ्या सोलत बसल्या होत्या. मी म्हटलं, वाडीतले लोक त्याला वेडा म्हणतील. आई त्याला पुन्हा पडवीत बसवेल. इथे तो बरा आहे, तर इथेच का नाही?

"किती वर्षं?" ताईंनी विचारलं.

"कायमचा," मी म्हटलं.

त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली. "संगीता, इस्पितळात मी बरी झालेली माणसं म्हातारी होताना बघितलीत. घरचे न्यायला आले नाहीत, म्हणून. ताटली वाजली की उठायची, दिवा गेला की झोपायची. आम्ही त्यांना खूप जपायचो. मी इथे दुसरा वॉर्ड काढलेला नाही." मग थोड्या वेळानं, सुरी पुन्हा उचलून म्हणाल्या, "भीती तुला वाटतेय. त्याला विचारलंस का?" मी दादाला विचारलं. तो म्हणाला, "घरी जायाचं हाय मना. पण पडवीत बसायला नाय."

ताई स्वतः आमच्याबरोबर वाडीत आल्या. आमच्याकडे लावणी एकट्यादुकट्यानं होत नाही. सगळ्या घरांची माणसं आज ह्याच्या खाचरात, उद्या त्याच्या, अशी आळीपाळीनं जातात. ज्या घरातून जेवढे गडी गेले, तेवढेच त्या घराच्या लावणीला परत येतात. ह्या सगळ्याची जुळणी वाडीतले नानूकाका करायचे. ते आदल्या संध्याकाळी आले आणि आईला म्हणाले, "वहिनी, उद्या तुमी येवा." ताई पडवीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ह्या घरातून दोन. चंद्रकांत पण."

नानूकाका हसले. तंबाखू मळत म्हणाले, "सिस्टरबाय, त्याचा एक पाय चिखलात आन् एक मुंबैत. येऊ दे, बांधावर बसंल. त्याला गडी कसा धरू?" आई चाचरत म्हणाली, की मग अर्धा तरी धरा. ताई म्हणाल्या, "अर्धा नको. पुरा धरत असाल तर येईल, नाहीतर मी उद्या त्याला परत घेऊन जाते."

"आन् मधीच बसला तर?"

"बसू दे. त्याची पात कुणी लावायची नाही, तेवढं सांभाळा. तो उठेल."

दादा आत चुलीपाशी होता. त्याला सगळं ऐकू जात होतं. नानूकाकांनी तंबाखू तोंडात टाकली, आणि जाता जाता म्हणाले, "दोन तर दोन. बघू."

दुसऱ्या दिवशी नानूकाकांच्याच खाचरात लावणी होती. तरव्याच्या, म्हणजे कोवळ्या भातरोपांच्या, मुठी टाकलेल्या, सगळे एका ओळीत वाकलेले. प्रत्येकाच्या वाट्याला आपापला पट्टा, त्याला पात म्हणतात, आणि रोवत रोवत मागे सरकायचं. दादा आईच्या शेजारी होता. सकाळभर त्यानं बरोबरीनं रोवलं. मग ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला, बायकांची चेष्टामस्करी वाढली, ओळीच्या टोकाला कुणीतरी जोरात हसलं... आणि दादा सरळ उभा राहिला. हातातली मूठ त्यानं चिखलात ठेवली, बांधावर जाऊन बसला आणि गुडघ्यांत मान घातली. ते हसणं त्याच्यावर नव्हतं, पण त्याला कसं कळावं? ओळ तशीच मागे सरकत राहिली. हिरव्या रोपांच्या मधोमध दादाच्या पातीएवढा नुसता पाण्याचा पट्टा उघडा पडत गेला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "राहू दे रे चंदू, आमी लावतो तुझं," आणि हात पुढे केला. ताई पलीकडच्या बांधावर छत्री घेऊन उभ्या होत्या. त्या काही बोलायच्या आत माझी आई सरळ झाली. चिखलानं भरलेले दोन्ही हात तिनं पाठीमागे नेले, लुगड्याला चिखल लागला, आणि ती काकूंना म्हणाली, "त्याची पात हाय ती. त्याची तो लावंल."

जेवायला सगळे बांधावर बसले. उघडा पट्टा सगळ्यांना दिसत होता, पण कुणी त्याचं नाव काढत नव्हतं. दादानं ताट घेतलं नाही. मी ताईंकडे बघितलं, त्या भाकरी खात होत्या. तो उठला नाही, तर वाडीसाठी तो कायमचा बांधावरचा माणूस होणार, हे मला दिसत होतं. आणि मग लोकांची जेवणं अर्ध्यावर आली असताना दादा उठला. चिखलात उतरला, ठेवलेली मूठ शोधून काढली आणि जिथे सोडलं होतं तिथून रोवायला लागला. एकटाच. पुढे ओळ नाही, शेजारी कुणी नाही, सगळी वाडी जेवता जेवता बघतेय. कुणीतरी पोरगं हसलं, त्याला नानूकाकांनी गप्प केलं. दादा मागे मागे सरकत आला, पट्टा भरत आला. बांधाला पाय लागला तेव्हा तो वर आला, हात धुतले आणि आईला म्हणाला, "भाकर दे."

संध्याकाळी नानूकाका दुसऱ्या दिवसाच्या जुळणीला निघाले. आमच्या अंगणातून जाताना थांबले नाहीत, चालता चालताच म्हणाले, "उद्या वरच्या खाचरात. दोघंबी या येळेवर." ताईंनी त्याच संध्याकाळची एस.टी. धरली.

हे सगळं इतकं सरळ झालं नाही, हेही लिहायला हवं. मधल्या एका वर्षी दादानं गोळ्या आपणहून बंद केल्या. आता बरा आहे, म्हणून. आजार परत आला, इस्पितळात ठेवावं लागलं. मला वाटलं, सगळं पाण्यात गेलं. ताईंच्या चेहऱ्यावर मात्र तसं काही दिसलं नाही. त्या त्याला शेतावर घेऊन आल्या आणि पहिल्या दिवसासारखी बादली हातात दिली. "चल, पुन्हा पहिल्यापासून," म्हणाल्या. किती माणसांना त्यांनी असं पुन्हा पहिल्यापासून उभं केलं, याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही. काही जण घरी जाऊन टिकले, काही नाही टिकले. जे टिकले नाहीत, त्यांच्यासाठी ताईंच्या घराचं दार पुन्हा उघडं असायचं, फक्त राहून जायला नाही, शिकून जायला. मलाही त्यांनी असंच बाहेर काढलं. विशेष मुलांना शिकवायचा अभ्यासक्रम कर, म्हणून पाठी लागल्या, आणि सावर्ड्याची नोकरी मिळाली तेव्हा मी घुटमळत होते, तर माझी ट्रंक त्यांनी स्वतः फाटकाबाहेर नेऊन ठेवली.

दादा घरी शेती करू लागला. लावणी झाली की दरवर्षी थोडे दिवस तो ताईंकडे कलमांच्या कामाला जायचा, आता शिकवणारा म्हणून. नव्या आलेल्या माणसासमोर हात मागे बांधून उभा असलेला दादा मी बघितलाय. ह्या वर्षी ताईंना बरं वाटत नव्हतं, म्हणून तो लावणीआधीच गेला होता. त्यामुळे शेवटच्या सकाळी त्यांना चहा देणारा तोच होता.

दिवसकार्य आटोपल्यावर ताईंचा पुतण्या, आम्ही जुनी माणसं, सगळे बसलो. शेत चालू ठेवायचं, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. पण तिथे राहणार कोण? पुतण्या म्हणाला, की चंद्रकांतनं आत्याच्या खोलीत राहावं आणि सगळं बघावं. मला ते एकदम पटलं. खरं सांगायचं तर मला पुन्हा तेच वाटलं होतं, की दादा इथे असला म्हणजे सुखरूप. दादानं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कलमांना येईन. पण राहायला नाय येनार. परवापासनं वाडीत लावणी हाय. नानूकाका थकलेत, ह्या वर्षाची जुळणी माझ्याकडं दिलीय."

मी शाळेतून रजा घेतली होती, म्हणून ते दिवस मीच ताईंच्या खोलीत राहिले. एवढ्या वर्षांत मी त्या खोलीत कधी झोपले नव्हते. एक कॉट, एक खुर्ची, दोरीवर दोन लुगडी. कॉट खिडकीला लावलेली. खिडकीतून बाग दिसत असेल, म्हणून ताई तिथे झोपत असतील, असं मी धरून चालले होते. पण पहाटे उशीवर डोकं टेकून बाहेर बघितलं, तर बाग दिसत नाही, खाचरंही दिसत नाहीत. दिसतं ते फक्त फाटक, आणि फाटकापासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत जाणारी वाट. घरी निघालेलं प्रत्येक माणूस त्या वाटेनं गेलं असणार, आणि ताईंनी ते इथून, थांब्यापर्यंत बघितलं असणार. निरोप द्यायला मात्र त्या कधी फाटकाशी उभ्या राहिल्याचं मला आठवत नाही.

त्याच सकाळी दादा पहिल्या गाडीनं निघाला. खांद्यावर पिशवी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चालण्यात घाई. त्यानं एकदाही मागे वळून बघितलं नाही. गाडी आली, थांबली, कंडक्टर काहीतरी ओरडला, दादानंही त्याला चढता चढता काहीतरी उत्तर दिलं. इतक्या लांबून शब्द कळले नाहीत. गाडी वळणाआड गेली तशी मी उठले आणि लुगड्यांची घडी करून बाजूला ठेवली. खाली कोयींना कोंब आले होते, आणि नव्यानं आलेल्या दोघींना काडी कशी तासायची, ते अजून कुणी दाखवलेलं नव्हतं.